प्लास्टिकची हिरवळ

भूगोलाच्या बाई दरवर्षी दोन तिरक्या ट्रेमध्ये माती भरत. एकात मुलं गवत लावत, दुसरा उघडा राही. वरून पाणी ओतलं की गवतातून खालच्या ग्लासात नितळ पाणी उतरे, उघड्यातून गढूळ. माती कशी वाहून जाते, ते वेगळं सांगावं लागत नसे.

यंदा तपासणीला साहेब येणार, म्हणून हेडसरांनी मुलांचं गवत उपटून वर प्लास्टिकची हिरवळ अंथरली.

"आता कसं झकास दिसतंय!"

साहेबांसमोर दोन्हीकडून गढूळच पाणी आलं. साहेबांनी हिरवळीचा फोटो काढला, "वा वा" केलं आणि पाणी मागितलं. बाईंनी हिरव्या ट्रेखालचाच ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या साहेब. मघाशी आवडलं ना?"