ताईच्या मेंदूची हाक

नागपूरच्या प्रयोगशाळेत मी एका पेप्टाइडवर काम करते. किसपेप्टिन त्याचं नाव. मेंदूत तयार होणारा इवलासा रेणू. तो हाक देतो तेव्हा पुढची संप्रेरकं सुटतात, अंडाशय कामाला लागतं, पाळी येते. ज्यांची ही हाक मंद पडते त्यांना हा रेणू बाहेरून देऊन उपयोग होईल का, हे आम्ही उंदरांत तपासतो. एकदा ताईला एवढं सांगितलं आणि झालं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सासरच्या दिघोरी गावभर सांगत सुटली, "माही बहीण लेकराचं औषध काढून राहिली."

ताईची पाळी तिशीच्या आतच थांबली होती. लेकरू नाही.

यंदा धानाच्या रोवण्याला मी तिच्याकडे गेले. तिच्या सासरी पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली मूठ लेकुरवाळीनेच रोवायची. रोवण्यात ताईचा हात धरणारी गावात कोणी नाही, तरी सासूने मूठ शेजारच्या सुनेच्या हातात दिली. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "धानाले काय समजते वो मामी, कोणाले लेकरं हायेत थे?"

ताईनेच मला दटावलं, "चूप राह्य तू. पुढच्या साली मीच रोवीन."

म्हणजे माझ्या भरवशावर. पण तिचे रिपोर्ट मी नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून आले होते.

दुपारी बांधावर शिदोरी सोडली तेव्हा सांगून टाकलं. अंडाशयातली बीजंच संपली होती.

"मंग तुहं औषध?"

"थे तुह्यात कमी नाहीच ताई. उलट जास्तच हाये. खालून उत्तर येत नाही, म्हणून मेंदू अजून जोरानं हाका मारून राहिला."

मला रडू आवरेना. ती रडली नाही, हातातला घास तसाच धरून बसली. मग मी डॉक्टरांनी दिलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या पिशवीतून काढल्या.

"यानं लेकरू होईन?"

"नाही. हाडं टिकतीन. अन् थ्या हाका कमी होतीन."

समोरच्या धानाच्या बांधीत ती पहिली मूठ पाण्यात उभी होती. ताई तिकडे बघत राहिली. मग तिने गोळ्या माझ्या पिशवीत परत ठेवल्या.

"मंग नाही घेत मी," ती म्हणाली. "मारू दे हाका. त्याले तरी अजून वाटते न, होईन म्हणून."