बोकडाच्या कानातला कौल

आमचा म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला दगड. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. धरणाच्या काठावरच्या माळावर बसला आहे आणि आमची मेंढपाळांची घरं पिढ्यानपिढ्या त्याला बोकड देतात. मागच्या वर्षी सप्ताहाला आलेल्या महाराजांनी सांगितलं की देव निराकार असतो, दगड ही नुसती खूण. माझ्या धाकट्या दिराला ते फार आवडलं. येता-जाता निराकार, निराकार. म्हणू दे. देवाला आकार आहे की नाही यावर मी कधी डोकं शिणवलं नाही, चौथी शिकलेली बाई मी. पण त्या निराकाराच्या आडून माझ्या पोरीला घराबाहेर काढायला निघाले, तेव्हा मी गप्प बसले नाही. राग अजून उतरलेला नाही.

पोरगी माझी एकुलती. तिचा नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून तिला हाकललं. ती माझ्याकडे आली. माझं माणूस कधीच गेलं, घर-अंगण दिराबरोबर सामाईक. दिराला ती नको होती. सरळ म्हणायची हिंमत नव्हती.

मागच्या चैत्रात त्याच्या नवसाचा बोकड होता, माझ्याच कळपातला. आमच्यात कापण्याआधी देवाला विचारतात. बोकडाला हळदी-कुंकू लावायचं, पाठीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि थांबायचं. त्यानं अंग झाडलं की देवानं कबूल केलं. नाही झाडलं तर देव रुसला.

भर दुपार होती. देवाचं करणाऱ्या भगतानं पाणी ओतलं. बोकड डोळे मिटून उभा. एवढ्या उन्हात गार पाणी मिळालं, तो कशाला झाडेल? दुसरा तांब्या ओतला तर रवंथ करायला लागला. पुतण्या मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, तो फिसकन हसला. बापानं डोळे वटारले.

मग भगत म्हणाला, "कुणाचा तरी विटाळ आडवा येऊन राहिला."

नाव कुणी घेतलं नाही. पण सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. पोरगी घागर घेऊन उभी होती. ओतायचं पाणी तिनंच धरणावरून वाहून आणलं होतं.

जाऊ म्हणाली, "बाई, तू जरा त्या बाभळीमागं जा बरं."

मी अडवायच्या आत ती गेलीसुद्धा. इतकी सवय लावून ठेवली होती तिला लोकांनी.

भगतानं तिसरा तांब्या घेतला आणि पाठीवर नाही, सरळ कानात ओतला. बोकडानं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. "कौल दिला!" दीर ओरडला. "बघितलं का वैनी? ती हटली अन् देवानं मानलं. आता तिला सासरी धाडा. हे मी न्हाई, देव म्हणून राहिला."

तिथले सगळे मेंढरांत वाढलेले. कानात पाणी गेलं की जनावर अंग झाडतंच, हे आमच्या रांगत्या लेकराला ठाऊक. तरी सगळ्यांनी दगडाला हात जोडले.

"कोणत्या तोंडानं म्हणला देव?" मी विचारलं.

"देवाला तोंड नसतंय वैनी. तो निराकार हाय."

"मग ज्याला तोंड न्हाई, त्याच्या वाटचं तू काहून बोलून राहिलास?"

"तुमाला न्हाई समजायचं ते."

"व्हय बाबा, न्हाई समजत. पोट न्हाई तरी त्याला मटण लागतंय. अंगच न्हाई, तर विटाळ कुठं लागतो रे त्याला? शिवाशिवीला माझ्या पोरीचं अंग बराबर सापडलं तुमाला!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं, देवाम्होरं तरी तोंड आवर."

"तू गप. उद्या तुझ्या सुनेला उभं करतील बाभळीमागं."

मी दिराशी अशी बोलू शकते. लग्न होऊन आले तेव्हा तो उघडा-नागडा अंगणात फिरत होता, त्याचं नाक मी पुसलं आहे.

पोरीला हाक मारली. येईना. दंडाला धरून आणली, तांब्या तिच्या हातात दिला. "दुसऱ्या कानात ओत."

"आई, नको."

"ओत म्हणते ना!"

तिनं ओतलं. बोकडानं असं अंग झाडलं की दिराच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे शिंतोडे उडाले.

"आता काय म्हणतो तुझा निराकार?"

पुतण्यानं मोबाइल खिशात घातला. बोकड कापला. मटण मीही खाल्लं, पोरीलाही वाढलं, सगळ्यांच्या पंगतीत बसवून.

दिरानं अबोला धरला. मला बरंच झालं. पोरीला धाडायची भाषा मात्र बंद झाली. माझे गुडघे आता माळ चढत नाहीत, म्हणून कळप मी तिच्या हवाली केला. यंदा चैत्र लागला तसा दीर दारात आला. "वैनी, म्हसोबाला बोकड पायजे होता."

"मला काहून विचारतोस? कळपवाली आत हाय."

बराच वेळ तो चपला काढू की नको असा उभा राहिला. शेवटी त्यानं आत डोकावून विचारलं. पोरगी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "काका, औंढ्याच्या बाजारातून आणा."