तिचं नाव वृत्तात बसत होतं

आदिलाबादेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ओळखीत लग्न निघालं की मंगलाष्टकं माझ्याकडून लिहून घेतात. शार्दूलविक्रीडित वृत्त; ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबायचं, प्रत्येक लघु-गुरूची जागा ठरलेली. घरच्यांची नावं त्यात चपखल बसवायची. याचा मला फार तोरा होता.

गेल्या उन्हाळ्यात नेरडीगोंड्याकडच्या एका मुलीचं लग्न ठरलं. वडील ती लहान असतानाच गेले. आईनं वांगी-टमाटे पिकवून, बाजारात बसून तिला नर्स केलं. म्हणून एका ओळीच्या शेवटी मी आईचं नाव घातलं आणि मुलीच्या काकाला वाचून दाखवलं.

"वहिनीचं नाव काढा," तो म्हणाला. "शुभकार्य हाये. विधवेचं नाव कायले घेता? तिथं माह्या बायकोचं टाका."

पान खात खात बोलत होता. मला शिसारी आली. तरी त्याच्यासमोरच मी नाव खोडून त्याच्या बायकोचं घातलं.

दोन दिवसांनी ती आई दुकानात आली. मुलीनं तिला मोबाईलवरून सगळं वाचून दाखवलं होतं.

"भाऊ, माहं नाव नाई त्याच्यात?"

"वृत्तात बसत नाही, बाई."

मग हलक्या आवाजात तिनं ती ओळ मंगलाष्टकाच्या चालीवर म्हटली, आधी जावेच्या नावानं, मग स्वतःच्या. दोन्ही नावं तीन अक्षरांची, गुरू-लघु-गुरू. चाल कुठंही अडली नाही.

"जाऊबाईचं बसते, तं माहं काऊन नाई बसत?"

"त्याचं शास्त्र असतं," मी पेनांची बरणी उगाच पुसत म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, पिशवी उचलली आणि गेली.

लग्नात माइकवर मंगलाष्टकं मीच म्हटली. ती फंक्शन हॉलच्या मागच्या दाराशी, आचाऱ्यांजवळ उभी होती. ती ओळ आली तेव्हा तिनं मान खाली घातली. नंतर काका माझा हात धरून लोकांना सांगत होता, "एक अक्षर चुकलं नाई बगा." त्याचा तळवा ओला, चिकट होता. मी हात सोडवून घेतला आणि न जेवताच निघालो. घरी साबणानं दोनदा धुतला. त्याचा घाम गेला. स्वतःबद्दलची किळस काही गेली नाही.

आता बाजारात ती भाजी घेऊन बसलेली दिसली की मी बाजूच्या गल्लीत वळतो.