वन्संनी शिवलेला अजगर

माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहिणीबद्दल, म्हणजे माझ्या वन्संबद्दल, मी चार चांगले शब्द लिहायला बसले आहे हे कळलं तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हसून लोळतील. आमचं दोघींचं कधी पटलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं सासरहून कायमच्या परत आलेल्या होत्या. नवऱ्याशी बिनसलं, तेव्हा नवरा तिथंच ठेवला आणि शिलाईचं मशीन तेवढं उचलून आणलं, असं त्या स्वतःच सांगतात. सांगताना मशीनवर हात फिरवतात, आणि कोणाला ठेवून कोणाला आणलं याचा पश्चात्ताप त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही दिसत नाही.

वन्सं ताडपत्री शिवतात. ट्रकवरची आच्छादनं, दुकानांपुढची छपरं, तंबू. तळमजल्यावरची पुढची खोली हा त्यांचा कारखाना. दारातून आत पाऊल टाकलं की रबराचा आणि डिंकाचा वास नाकात बसतो. जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताडपत्री पसरलेली, मधोमध मांडी ठोकून वन्सं, आणि आम्ही घरातली माणसं स्वयंपाकघरात जायला भिंतीला पाठ लावून सरकणार. कापडावर टाच पडली की ओरडा ठरलेला, "अगं, पाय आहेत की हातोडे?"

स्वतःच्या कामाचं कौतुक त्यांना दुसऱ्यानं करावं लागत नाही. "माझं छप्पर गळलं असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही बरोबर म्हणेन. मला राग यायचा, पण वाक्य खरं होतं, त्यामुळे जास्तच राग यायचा.

आमची गल्ली नदीकडे उतरत जाते. घरांच्या मागे उंच दगडी बांध आहे, त्यामुळे नदी फुगली की पाण्याला आत यायला एकच वाट, गल्लीचं खालचं तोंड. तिथं एका बाजूला बेकरी आणि दुसऱ्या बाजूला आमचं घर. मधल्या काही वर्षांत पाणी दोनदा गुडघ्यापर्यंत घरात शिरलं. बेकरीवाल्याची भट्टी विझली आणि आमच्या पिठाच्या डब्यात चिखल गेला. दुसऱ्या वेळेनंतर नगर कार्यालयातले साहेब आले. बेकरीपुढं सगळ्यांना गोळा करून त्यांनी सांगितलं, की आणखी एकदा घरात पाणी आलं तर खालची सगळी ओळ रिकामी करावी लागेल. गावाच्या दुसऱ्या टोकाला खोल्या मिळतील. साहेब वाईट नव्हते. उद्या कोणी बुडालं तर लोक त्यांचीच मान पकडणार होते.

खोल्या चांगल्या होत्या, मी जाऊन पाहून आले. उजेड होता, नळाला पाणी होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. पण माझ्या सासूबाईंना दिसत नाही. डोळ्यांपुढं आता नुसता धुरकट उजेड उरलाय. या घरात मात्र त्या सगळं करतात. चहा करतात, वर गच्चीत वाळत घातलेले कपडे आणतात, आणि मी मिठाची बरणी जागेवर ठेवली नाही तर मला ऐकवतात. भिंतीच त्यांना सांगतात कुठं वळायचं ते. साहेब गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ आपण. मला एक खुर्ची द्या म्हणजे झालं, तिच्यावर बसून राहीन." वन्सं तेव्हा दोरा ओवत होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली आणि आईकडं पाहिलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला मी सुरुवातीला सरळ वेडेपणा म्हटलं. वन्संनी जुन्या ट्रकांच्या ताडपत्र्या जमवल्या आणि एक भलीमोठी लांब नळी शिवायला घेतली. पोकळ, आणि गल्लीच्या रुंदीएवढी लांब. सुईनं पडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपणार, म्हणून शिलाईवर रबराची पट्टी, पट्टीवर डिंक आणि डिंकावर गरम इस्त्री. ती गोल गडगडू नये म्हणून आत मधोमध उभा पडदा. एका टोकाला टँकरची तोटी.

"यात काय भरणार?" मी विचारलं.

"पाणी."

"पाणी अडवायला पाणी?"

"मग काय वाळू? पोती भरायला आणि वाहायला माणसं कुठून आणू? पूर येतो तेव्हा फुकटात मिळणारी गोष्ट एकच असते. नळी नदीपुढं आडवी टाकायची, पंप लावायचा आणि नदीचंच पाणी भरून फुगवायची."

गल्लीनं तिचं नाव अजगर ठेवलं. माझा नवरा बहिणीपुढं गप्प आणि माझ्यापुढं हसायचा.

पहिल्या पावसाळ्यातच अजगराची परीक्षा झाली. दुपारी नदी वर आली, आम्ही पंपानं नळी भरली, आणि ती खरोखरच मांडीइतकी उंच फुगून गल्लीच्या तोंडाशी आडवी पडली. पाणी आलं, तिला टेकलं आणि थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांचं ते छपराचं वाक्य ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

तेवढ्यात बेकरीवाला आतून धावत आला. त्याच्या मोरीतून पाणी वर येत होतं. मग आमच्या मोरीतून. मग रस्त्यावरच्या गटाराची झाकणं हलायला लागली आणि काळं पाणी गल्लीत पसरलं. वरून पाऊस होताच. आयुष्यभर वरून पडणाऱ्या पाण्याशी भांडलेली बाई, खालून येणारं पाणी तिच्या डोक्यातच नव्हतं. ताडपत्री शिवणाऱ्या माणसानंच करावी अशी ती चूक होती. बाहेरची नदी थोड्या वेळानं उतरली, पण गल्लीत साचलेलं पाणी जाणार कुठं? गटारं तुंबलेली, वाटेत अजगर पडलेला, आणि तो तोटीतून रिकामा व्हायला तास लागले असते. पाणी उंबऱ्यांना लागलं. मोऱ्यांचे कठडे ओलांडून कोणाच्या घरात अजून शिरलं नव्हतं, पण शिरायला बोटभर बाकी होतं.

वन्सं घरात गेल्या आणि त्यांची मोठी कात्री घेऊन आल्या. ती कात्री कापडाशिवाय दुसऱ्या कशाला लागू द्यायची नाही हा घरातला कायदा. एकदा मी तिनं पिशवीचं तोंड कापलं तर आठवडाभर अबोला होता. त्या गुडघाभर पाण्यातून गेल्या आणि त्यांनी अजगर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला. गल्लीतलं पाणी नदीकडं वाहून गेलं. घरं वाचली. वन्सं तिथंच उभ्या राहिल्या, हातात कात्री, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अजगर आपल्यालाच गिळायला निघाला होता." सगळे हसले. मला त्या हसण्याचा इतका संताप आला, की मला माझंच नवल वाटलं. एरवी वन्संना हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं असते.

पुढचे काही दिवस मशीन बंद होतं. घर इतकं शांत झालं की सासूबाई विचारायला लागल्या, ती गेली का कुठं बाहेर. शेवटी मीच त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"छपरं गळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं आमचे कान किटवलेत ना? मग आता एकदा गळलं तर तोंड लपवून का बसलात?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर म्हणते, ज्याला कळतं त्याला जाऊन विचारा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की वाटलं, आता इस्त्री येते अंगावर. पण त्या उठल्या, चिरलेल्या अजगराचा एक तुकडा खांद्यावर टाकला आणि चपला घालून थेट नगर कार्यालयात गेल्या.

तिथल्या इंजिनिअर बाई तरुण होत्या आणि हुशार होत्या. त्यांनी तो तुकडा टेबलावर पसरून, शिलाईवरून बोट फिरवून, आधी मनापासून वाहवा केली. मग समजावून सांगितलं की गटार शेवटी नदीलाच मिळतं. नदी वर आली की गटारातलं पाणीही तेवढंच वर येणार, मग पुढं कितीही भिंती घाला. त्या म्हणाल्या, "ताई, दार तुम्ही पक्कं लावलंत, खिडकी उघडी राहिली."

वन्सं घरी आल्या त्या बोलतच आल्या. गटाराच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणारं झाकण इंजिनिअर बाई बसवून घेणार होत्या. पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही. पण झाकणात काटकी अडकली तर? म्हणून वन्संनी घरोघरच्या मोऱ्यांसाठी ताडपत्रीचे गोळे शिवले. गोळा भोकात बसवायचा, सायकलच्या पंपानं हवा भरायची, भोक बंद. प्रत्येक मोरीचं माप वेगळं, म्हणून वन्सं टेप घेऊन ज्याच्या त्याच्या न्हाणीघरात शिरल्या. कोणाची मोरी किती घाण आहे हे तेव्हापासून त्यांना पाठ आहे, आणि त्या ते बोलूनही दाखवतात. वरून पडणाऱ्या पावसासाठी बेकरीपुढं एक खड्डा खणला. त्यात पाणी गोळा होणार आणि कार्यालयाचे पंप ते नव्यानं शिवलेल्या अजगरावरून पलीकडं फेकणार.

मग तालमी सुरू झाल्या. रखरखीत उन्हात, पावसाचा थेंब नसताना, वन्सं शिट्टी वाजवायच्या आणि सगळ्या गल्लीनं धावायचं. कोणी गोळे बसवायचे, कोणी पंप ओढायचा, कोणी वरच्या घरांतली म्हातारी माणसं मोजून यायची. वरच्या गल्लीतले लोक गच्चीतून बघून खिदळायचे. गोळ्यात हवा भरायची राहिली म्हणून वन्संनी बेकरीवाल्याला सगळ्यांपुढं असं झापलं की त्याचा पाव दोन दिवस आंबट लागत होता. पण तिसऱ्या तालमीला तोच सगळ्यांच्या आधी हजर होता.

खरा पूर पुढच्या पावसाळ्यात आला. सकाळीच नदीचा रंग बदलला. वन्संनी शिट्टी वाजवली. कोणाला काही सांगावं लागलं नाही, आणि गल्लीत आवाज होता तो फक्त पंपांचा. नवा अजगर फुगला. मोऱ्या बंद. खड्ड्यातलं पाणी भसाभस बाहेर पडत होतं. दुपारपर्यंत बाहेरचं पाणी इतकं चढलं की अजगराच्या पाठीखाली जेमतेम वीतभर उरलं. आतली गल्ली ओली होती, पण चालता येत होतं.

आणि मग बेकरीकडच्या टोकाला अजगर हळूच आत सरकला. भिंत आणि त्याच्यामध्ये फट पडली आणि पाण्याची धार आत आली. पंपांपाशी उभ्या असलेल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, "वजन हवं. त्याच्यावर वजन हवं." पिंपं आणायची म्हणून माझा नवरा वळला. वन्सं थांबल्याच नाहीत. साडीचा पदर खोचला आणि त्या टोकावर जाऊन बसल्या. धार थोडी कमी झाली.

"बघत काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "या की."

मी गेले आणि त्यांना खेटून बसले. माझ्यामागून बेकरीवाला, त्याची बायको, माझा नवरा, वरच्या घरांतले लोक. एकमेकांना चिकटून गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आम्ही ओळीनं बसलो. पाठीमागं नदी होती, पुढं आमची घरं होती. सासूबाईही निघाल्या होत्या, त्यांना वन्संनी दारातच थांबवलं. बेकरीवाल्यानं पाव वाटले. कोणीतरी सगळ्यांना आपापली वजनं सांगायला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकांनी ती वाढवून सांगितली. फट बंद झाली होती. पाणी उतरायला लागेपर्यंत आम्ही उठलो नाही. शेजारी वन्सं अजून पदर खोचून बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला आले, बरोबर इंजिनिअर बाई. खालच्या रस्त्यांवरून फिरून आले होते, गमबुटांवर चिखलाचे थर. तिकडची घरं त्यांनी पाहिली होती आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. आमच्या दाराशी येऊन ते तसेच आत शिरायला लागले.

"साहेब, बूट बाहेर," वन्सं म्हणाल्या. "आई अनवाणी फिरते. फरशीवर चिखल लागला तर तिला वाट कळत नाही."

साहेब घुटमळले. पूर येऊन गेलेल्या घरात बूट काढायला त्यांना याआधी कोणी सांगितलं नसावं. मग दाराला धरून त्यांनी एकेक बूट ओढून काढला आणि मोज्यांवर आत आले. सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी साहेबांना मशीनची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, मोरी दाखवली, वर जायचा जिना दाखवला, आणि साहेब एका दृष्टी गेलेल्या बाईच्या मागून खाली बघत बघत घरभर फिरले. चहा झाल्यावर ते दाराशी आले.

"आता मोजे बघा," वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी भिंतीला हात टेकून एक पाय उचलला आणि मोज्याचा तळवा पाहिला. मग दुसरा पाहिला. दोन्ही कोरडे होते.

"ही ओळ राहू द्या," ते इंजिनिअर बाईंना म्हणाले आणि खाली वाकून बूट घालायला लागले.