धिरड्यांचं पान

आई गेल्यावर महिन्याभरानं तिचं कपाट आवरताना न्याहारीच्या पदार्थांचं जुनं पुस्तक हाती आलं. शिवण सुटलेली, पानं पिवळी. समासात तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. उपम्यापाशी 'ह्यांना मिरची कमी'. शिऱ्यापाशी माझं नाव आणि 'बेदाणे नकोत'. सांज्यापाशी धाकट्या भावाचं नाव.

ताकातल्या धिरड्यांच्या पानावर मात्र कुणाचंच नाव नव्हतं. आमच्याकडे धिरडी कुणी खात नसे. तरी तेलाचे डाग सगळ्यांत जास्त त्याच पानावर, पीठही वाळून चिकटलेलं. आम्ही तिघं बाहेर पडलो की ती एकटीसाठी तवा ठेवत असणार. स्वतःची आवडही लिहून ठेवावी, हे तिच्या गावीच नसेल.

दहाव्याला नदीवर पिंडाशेजारी आम्ही शिरा ठेवला होता. "आईला फार आवडायचा," भाऊ गुरुजींना म्हणाला, आणि मीही मान हलवली. कावळे पलीकडच्या झाडावर नुसते बसून राहिले. बाबांना सांभाळू, आपसांत भांडणार नाही, असं आम्ही हात जोडून काय काय कबूल केलं. एकही खाली उतरला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी येताना मी त्या कावळ्यांवर किती चिडले होते.