उंची कळायला

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी कोणी ना कोणी निसर्ग पाठवतं. आज तिसऱ्या मजल्यावरच्या शर्माजींनी बर्फाचा डोंगर पाठवला आणि खाली लगेच सगळ्यांनी हात जोडले. बाहेर धुरात समोरची इमारतही दिसत नव्हती. फोटोतल्या डोंगराच्या पायथ्याशी कोणीतरी लाल ठिपक्याएवढं उभं होतं. मला फरीदाबादची आमची बाहेरची खोली आठवली.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. सुट्टीत आम्ही पहाडात जायचो, आणि परतल्यावर ते शेजाऱ्यांना बोलावून भिंतीवरच्या चादरीवर स्लाइड्स दाखवायचे. तापलेल्या प्रोजेक्टरला जळक्या धुळीचा वास यायचा. प्रत्येक डोंगराखाली आई लाल शाल पांघरून उभी असायची, कारण उंची कळायला माणूस लागतं, असं बाबांचं शास्त्र होतं.

"वो नीचे लाल-सा दिख रहा है न? मिसेज हैं हमारी," एका संध्याकाळी ते कौतुकाने म्हणाले.

आई चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. चादरीकडे न बघता ती मराठीत म्हणाली, "त्या ठिपक्याला तेव्हा ताप होता."

ते फक्त बाबांना आणि मला कळलं. बाबांनी पुढची स्लाइड लावली.

आई गेल्यावर मी त्या स्लाइड्स स्कॅन करून घेतल्या. त्या वर्षांतले तिचे दुसरे फोटोच नाहीत. आज पुन्हा दोन बोटांनी ती मोठी करून पाहिली. शालीपर्यंत पोचता येतं, चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन उरतात.

डोंगराची उंची मात्र छान कळते.