पेल्यांवरचा पांढरा थर

माझ्या धाकट्या जावेला घाण बघवत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात, मी कपाळावर हात मारून सांगते. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला दिलं तरी ही आधी पेला उजेडाकडे धरणार. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं माझ्या स्वयंपाकघरातलं दिव्याचं बटण घासून काढलं. ते पिवळं नसून पांढरं आहे, हे मला तेव्हा अकरा वर्षांनी कळलं. मी पोट धरून हसले होते.

तिला कामाला लावलं तेही मीच. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघीजणी भांडी धुवायचो. दोनशे चाळीस मुली, तीन वेळा जेवण, हिशेब तुम्हीच करा. खिडकीजवळचं सिंक माझं. एकोणीस वर्षं माझंच. हात कोपरापर्यंत फेसात आणि तोंड मोकळं, यापेक्षा माणसाला काय हवं? आमचा मॅनेजर दर पाच मिनिटांनी मनगटाकडे बघायचा, म्हणून त्याचं नाव घड्याळसाहेब. हे नाव कुणी ठेवलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग भांडी धुवायचं मशीन आलं. कपाटाएवढं. भांडी रचलेला ट्रे आत सरकवायचा, दार लावायचं, बटण दाबायचं. घड्याळसाहेबानं आम्हा तिघींना घरी बसवलं आणि मशीन भरायला एकीला ठेवलं. धाकटीला. तिचं वय कमी, आणि वर तोंड करून बोलायची सवय नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण तिचा राग नाही आला. मी ऑफिसांचे जिने पुसायला लागले. तिथं बोलायला भिंतीशिवाय कुणी नाही. लोक ओल्या पायरीवर बूट ठेवून वर जातात, तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. एकदा मी दिवसभरात फक्त ‘सरका जरा’ एवढंच बोलले होते. घरी येऊन रडले.

पण गंमत अशी, की वसतिगृहातलं पाणी बोअरचं. जड पाणी. आमच्या घरीही तेच. महिनाभरात किटलीच्या बुडाला चुन्यासारखा पांढरा थर धरतो. त्यावर पांढरं व्हिनेगर घालून उकळायचं, तासभर तसंच ठेवायचं, की थर सुटून येतो. हे धाकटीला मीच शिकवलं, माझ्याच ओट्यावर उभं करून. आम्ही हातानं धुवायचो तेव्हा प्रत्येक पेला फडक्यानं कोरडा करायचो, म्हणून त्या पाण्याची खोड कुणाला दिसली नाही. मशीन कसलं पुसतंय! सहा महिन्यांत त्याच्या आतल्या, पाणी फवारणाऱ्या फिरत्या पात्यांची भोकं बुजली आणि दूध पिऊन न विसळता ठेवल्यासारखे पेले बाहेर यायला लागले. मेकॅनिक दोनदा आला. साबण बदला म्हणाला. साबण बदलला, पेले तसेच.

एका शुक्रवारी धाकटी धापा टाकत माझ्या दारात.

“जाऊबाई, मशीन जातंय!”

“जातंय म्हणजे? पाय फुटले त्याला?”

“ऐका तर! घड्याळसाहेब आचाऱ्याला सांगत होते, मी कानांनी ऐकलं. सोमवारी वसतिगृहाच्या मोठ्या मॅडम बघायला येणार. तोपर्यंत पेले असेच पांढरे निघाले, तर मशीन परत पाठवायचं आणि तुम्हा तिघींना बोलवायचं.”

मी तिला धरून गदागदा हलवलं. मग म्हटलं, “हे बघ, तुझ्या हातांना मी ओळखते. सोमवारपर्यंत ते खिशात ठेव. कळलं?”

“ठेवते की,” ती हसून म्हणाली.

बाकीच्या दोघींनाही मी निरोप धाडला. शनिवारी माझा जुना ॲप्रन काढला, धुतला, इस्त्री केली. ॲप्रनला इस्त्री! माझा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, म्हणाला, वहिनी, लग्नाला निघालात का? मी म्हटलं, हो, माझ्याच.

सोमवारी दुपारी जिने लवकर उरकून मी दाराशी खुर्ची टाकून बसले. धाकटी आली ती खाली मान घालून. जवळून गेली तसा आंबट वास आला. मला लगेच कळलं. विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

“काय केलंस तू?”

तिनं चपला कोपऱ्यात सरकवल्या.

“अगं बोल! काय केलंस?”

“काल दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर बंद होतं,” ती म्हणाली. “मी आतली जाळी काढली, गरम पाण्यात व्हिनेगर घालून भिजत टाकली. पात्यांची भोकं दात कोरायच्या काडीनं एकेक मोकळी केली. मग वरच्या ट्रेमध्ये व्हिनेगरचा वाडगा ठेवला आणि साबण न घालता गरम पाण्यावर मशीन चालवलं. तीनदा. शेवटी तळाला खाण्याचा सोडा भुरभुरला, वास जावा म्हणून, आणि परत एकदा चालवलं.”

“सोडा वेगळा घातलास ना?” माझ्या तोंडातून निघून गेलं. बघा, माझीही जीभ कशी!

“वेगळाच. दोन्ही एकदम घातलं की नुसता फेस होतो आणि काम काही होत नाही, तुम्हीच सांगितलं होतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अगं, पण का? कुणी सांगितलं होतं तुला? हात खिशात ठेवायला काय झालं होतं?”

तेव्हा ती रडायला लागली. रविवारी दुपारी जेवताना एका मुलीनं पेला उजेडाकडे धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “मावशी, हे तुम्ही धुतलेत?” तेवढंच. पोरगी उद्धट नव्हती, सहज विचारलं तिनं. पण धाकटीला कुणी चोर म्हटलं असतं तर तिनं एकवेळ ऐकून घेतलं असतं.

“मी काय सांगणार होते तिला, जाऊबाई? मशीननं धुतले म्हणून? मला तोंड वर करवेना.”

“आणि माझं तोंड? त्या दोघींचं?” मी ओरडले. “एक दिवस, धाकटे! एक दिवस घाण बघवली नाही तुला?”

पेले लख्ख निघाले होते. मोठ्या मॅडमनी एक उचलून आपला चेहरा बघितला म्हणे. मशीन राहिलं. घड्याळसाहेबानं धाकटीची पाठ थोपटली आणि ही पद्धत नीट सांग म्हणाला. हिनं एकेक पायरी सांगितली, त्यानं लिहून घेतली, छापली, प्लास्टिकमध्ये घालून मशीनशेजारी भिंतीवर लावली. माझ्या किटलीची पद्धत, आणि खाली सही त्याची.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका भिंतीपलीकडे राहून. किटली घासणंही सोडून दिलं. असू दे पांढरी, म्हटलं, धरू दे थर. चहात पापुद्रे तरंगायचे, नवरा तोंड वाकडं करायचा, मी मुकाट्यानं प्यायचे.

दोन महिने झाले. मग गेल्या बुधवारी धाकटी भलत्या वेळी घरी आली, अकराला. माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. तिलाही काढलं होतं. आता मुली जेवल्या की आपापली ताटं आपणच ट्रेमध्ये लावणार, बटण आचारी दाबणार. महिन्यातून एकदा व्हिनेगर घालायचं, ते कुणीही भिंतीवर वाचून घालेल. घड्याळसाहेबानं हे सगळं तिला त्या कागदाखाली उभं राहूनच सांगितलं.

मला वाटलं होतं, हे ऐकून जिवाला थंडावा मिळेल. कसला थंडावा! तिचा राग येत होताच. पण त्या पोरीनं पेला धरून मला विचारलं असतं, तर मीही व्हिनेगरच आणलं असतं, हे मला माहीत आहे. त्याचा राग जास्त येतो.

मी चहा केला, तिच्यापुढे कप ठेवला. तिनं कपात बघितलं. मग ओट्यावरच्या किटलीकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिला उत्तर दिलं ते हे:

“व्हिनेगर आहे?”

“हात लावायचा नाही.”

पण ती उठलीच. सिंकखालून बाटली काढली. मी ती तिच्या हातातून हिसकावली, बूच उघडलं आणि सगळी सिंकमध्ये ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. सगळ्या घरात तो आंबट वास भरला. मी स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले.

धाकटीनं फडकं घेतलं. व्हिनेगर पडून सिंकमधला पांढरा थर सुटायला लागला होता, तो ती पुसायला लागली.